पाळत आणि राखण : मुंबईच्या उपनगरी रेल्वेतील सुरक्षा कॅमेऱ्यांची चिकित्सा

प्रस्तावना

जुलै २०२५ मध्ये भारतीय रेल्वेने सुमारे ७४ हजार प्रवासी डबे आणि १५ हजार इंजिने यांत सुरक्षा कॅमेरे बसविण्याचा निर्णय जाहीर केला. प्रत्येक डब्यात चार व प्रत्येक इंजिनात सहा कॅमेरे असे या योजनेचे स्वरूप आहे. प्रवाशांचा खासगीपणा जपला जावा म्हणून डब्यातील कॅमेरे दारांजवळच्या सामायिक जागेतच बसविले जातील, असेही त्या वेळी सांगण्यात आले. त्याच महिन्याच्या २१ तारखेस मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातील बाराही जणांची शिक्षा रद्द केली. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये त्यांपैकी पाच जणांना फाशी व सात जणांना जन्मठेप सुनावली होती. उच्च न्यायालयाने कबुलीजबाब आणि प्रत्यक्षदर्शींच्या साक्षी विश्वासार्ह मानल्या नाहीत. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने या निकालाचा पूर्वदाखला म्हणून वापर करण्यास स्थगिती दिली. सुटलेल्यांना मात्र पुन्हा तुरुंगात जाण्यास सांगितले नाही.

पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमधील प्रथम वर्गाच्या डब्यांत त्या संध्याकाळी बॉम्ब कोणी ठेवले, या प्रश्नाचे न्यायालयात टिकलेले उत्तर एकोणीस वर्षांनंतरही समाजाच्या हाती आलेले नाही. त्या वेळी डब्यांत कॅमेरे असते तर, हा विचार अशा वेळी कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. कॅमेऱ्याची मागणी केवळ शासनाची नाही. ती पीडितांच्या कुटुंबीयांची, रात्रपाळीवरून परतणाऱ्या स्त्रियांची आणि सामान्य प्रवाशांचीही आहे, हे प्रारंभीच मान्य करावयास हवे.

तथापि, मागणी खरी असली तरी तिला दिलेला प्रतिसाद योग्यच आहे असे नाही. उपनगरी रेल्वेतील कॅमेरा प्रवाशाला नेमके काय देतो आणि त्याच्याकडून काय घेतो, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. विवेचन मुंबईच्या उपनगरी रेल्वेपुरते मर्यादित असून त्यासाठी मराठी भाषेतच असलेल्या 'राखण' व 'पाळत' या दोन संज्ञांचा आधार घेतला आहे.

राखण आणि पाळत

निगराणीविषयीच्या अभ्यासात जेरेमी बेंथमने अठराव्या शतकाच्या अखेरीस मांडलेला वर्तुळाकार तुरुंगाचा आराखडा आणि मिशेल फूको याने १९७५ मध्ये त्याचा लावलेला अर्थ यांचा उल्लेख बहुधा अटळ मानला जातो. आपण पाहिले जात आहोत की नाही हे कैद्याला कळत नाही, म्हणून तो सदैव पाहिला जात असल्यासारखा वागतो, हे त्या विवेचनाचे सार होय. ही मांडणी मोलाची असली तरी लोकलच्या डब्याला ती तंतोतंत लागू पडत नाही. तुरुंगातील कोठडीत माणूस एकटा असतो. लोकलच्या डब्यात तो कधीच एकटा नसतो, आणि जेव्हा एकटा असतो तेव्हाच त्याला खरे भय वाटते. पाहिले जाण्याचे भय आणि कोणीच पाहत नसल्याचे भय अशी दोन्ही भये येथे एकत्र नांदतात.

हा पेच समजून घेण्यास मराठीतील शब्दभेद अधिक उपयोगी ठरतो. पिकाची राखण होते, घराची राखण होते. संशयितावर मात्र पाळत ठेवली जाते. दोन्ही क्रियांत पाहणे आहेच, पण नात्याची दिशा वेगळी आहे. राखणदार ज्याची राखण करतो त्याला तो उत्तरदायी असतो. पाळत ठेवणारा ज्याच्यावर पाळत ठेवतो त्याला उत्तरदायी नसतो; तो तिसऱ्याच कोणाला तरी उत्तर देतो, आणि बहुधा लपून राहतो.

महाराष्ट्राच्या ग्रामव्यवस्थेत गावच्या राखणीचे काम रामोशी, महार, जागल्या यांच्याकडे असे. चोरी झाल्यास चोराचा माग काढणे हे त्यांचे कर्तव्य होते. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत पोहोचविता आला नाही तर काही ठिकाणी नुकसानीची भरपाईही राखणदारास करावी लागे. ही व्यवस्था जातीच्या उतरंडीवर उभी होती, त्यामुळे तिचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. परंतु राखणीबरोबर जबाबदारी येते, हे तत्त्व तीत स्पष्ट होते. पुढे ब्रिटिश अमदानीत १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरविले आणि त्यांच्यामागे हजेरीचा ससेमिरा लावला. ही पाळत होती. १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला, तरी विमुक्त जमातींकडे पाहण्याची संशयी नजर संपली नाही. महाराष्ट्राच्या इतिहासात अशा रीतीने राखण आणि पाळत या दोन्ही परंपरा उपलब्ध आहेत. लोकलमधील कॅमेरा त्यांपैकी कोणत्या परंपरेत बसतो, हा येथील कळीचा प्रश्न आहे.

उपनगरी रेल्वेत कॅमेऱ्याचे आगमन

उपनगरी रेल्वेत कॅमेरा हळूहळू, आणि बहुतेक वेळा एखाद्या आघातानंतर आला, असे दिसून येते. २००६ चे स्फोट आणि २६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला यांनंतर स्थानकांवरील कॅमेऱ्यांची संख्या वाढविण्यावर भर देण्यात आला. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या अत्याचाराच्या घटनेनंतर, २०१३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात निर्भया निधीची तरतूद झाली आणि रेल्वे स्थानकांवरील कॅमेऱ्यांसाठीही त्यातून पैसा मिळाला. २०१५ च्या सुमारास पश्चिम रेल्वेने लोकलच्या महिला डब्यांत कॅमेरे बसविण्यास आरंभ केला. मध्य रेल्वेनेही तोच मार्ग अनुसरला. महिला डब्यांत बटण दाबून गार्डशी बोलता येईल अशी यंत्रणाही पुढे बसविण्यात येऊ लागली.

या क्रमातून एक गोष्ट लक्षात येते. स्थानकावर कॅमेरा दहशतवादाच्या संदर्भात वाढला, तर डब्यात तो स्त्रियांच्या सुरक्षिततेच्या संदर्भात आला. दोन्ही प्रसंगी भय खरे होते. परंतु दोन वेगळ्या भयांना एकच उपाय लागू पडतो हे गृहीत धरले गेले, आणि त्या उपायाच्या परिणामकारकतेची चर्चा मागे पडली.

साक्षीदार आणि रक्षक

कॅमेऱ्याचे पुराव्यादाखल महत्त्व नाकारता येणार नाही. २००८ च्या हल्ल्यात छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पन्नासहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या खटल्यात स्थानकावरील कॅमेऱ्यांचे चित्रण आणि वृत्तछायाचित्रकारांनी जीव धोक्यात घालून टिपलेली छायाचित्रे पुरावा म्हणून न्यायालयापुढे आली. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये अजमल कसाबची फाशी कायम केली. २००६ च्या खटल्यात मानवी साक्षीची जी दुर्बलता दिसली ती येथे दिसली नाही. लंडनमध्ये ७ जुलै २००५ रोजी भुयारी रेल्वे व बस यांत झालेल्या स्फोटांत ५२ निरपराध माणसे मारली गेली. तेथेही हल्लेखोरांचा माग कॅमेऱ्यांच्या चित्रणातूनच लागला. मात्र कॅमेऱ्यांचे दाट जाळे असलेल्या त्या शहरात हल्ला टळला नव्हता.

म्हणजेच कॅमेरा हा साक्षीदार म्हणून समर्थ ठरतो. रक्षक म्हणून त्याचे सामर्थ्य संशयास्पद आहे. ब्रँडन वेल्श आणि डेव्हिड फॅरिंग्टन यांनी कॅमेऱ्यांविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. गुन्ह्यांतील घट प्रामुख्याने वाहनतळांवर दिसते. हिंसक गुन्ह्यांवर लक्षणीय परिणाम दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. उभ्या मोटारीची राखण कॅमेरा करू शकतो, माणसाची मात्र तितकी करू शकत नाही, असा याचा अर्थ घ्यावा लागतो.

छत्रपती शिवाजी टर्मिनसवरील त्या रात्रीचा दुसरा पैलू या संदर्भात विचारात घेण्याजोगा आहे. रेल्वेचे उद्घोषक विष्णू झेंडे त्या वेळी आपल्या कक्षात कामावर होते. काय घडत आहे हे पाहून त्यांनी ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना धोक्याच्या दिशेने न येता सुरक्षित बाजूने स्थानकाबाहेर पडण्याच्या सूचना वारंवार दिल्या. त्यामुळे अनेकांचे प्राण वाचले. कॅमेऱ्याने पाहिले आणि नोंदले. झेंडे यांनी पाहिले आणि हाक दिली. राखण म्हणतात ती हीच. पाहणारा माणूस, त्याच्या हातातील साधन आणि आपल्यावर जबाबदारी आहे याची त्याला असलेली जाणीव, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हा ती घडली. कॅमेऱ्यामागे असा माणूस बसलेला नसेल, किंवा चित्रण केवळ साठवून घटनेनंतर तपासले जाणार असेल, तर त्या व्यवस्थेस सुरक्षा म्हणण्यापेक्षा नोंद म्हणणे अधिक यथार्थ होईल.

केवळ पाहणाऱ्यांची उपस्थिती पुरेशी नसते हे मुंबईला फार पूर्वी कळून चुकले आहे. ऑगस्ट २००२ मध्ये बोरिवलीकडे जाणाऱ्या रात्रीच्या लोकलमध्ये मानसिकदृष्ट्या अक्षम असलेल्या एका अल्पवयीन मुलीवर बलात्कार झाला, तेव्हा डब्यात इतर प्रवासी होते. तेथे डोळ्यांची उणीव नव्हती. पाहिल्यावर उठण्याची उणीव होती. कॅमेऱ्याने डोळ्यांची संख्या वाढते, उठणाऱ्यांची वाढत नाही. उलट, 'कॅमेरा आहे, पोलीस पाहून घेतील' अशी समजूत रुजल्यास सहप्रवाशाची उरलीसुरली जबाबदारीही यंत्राकडे सोपविली जाण्याचा धोका संभवतो.

भरलेला डबा आणि रिकामा डबा

लोकलचा डबा दिवसातून अनेकदा आपले रूप बदलतो. सकाळी विरार वा कल्याणहून निघालेल्या जलद गाडीत आणि रात्री शेवटच्या गाडीत कॅमेऱ्यापुढील दृश्य अगदी निराळे असते. गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसे उभी असतात, असा हिशेब नियोजनाच्या दस्तऐवजांत मांडला गेला आहे. अशा वेळी छतावरील कॅमेऱ्याला डोक्यांपलीकडे फारसे दिसणे अशक्य आहे. गर्दीच्या आडून होणारा अश्लील स्पर्श, खिसेकापूपणा, दारातील धक्काबुक्की हे सर्व खांद्याच्या पातळीखाली घडते. तेथे प्रवाशांचा परस्परपरिचयच कामी येतो. रोजच्या गाडीतील गट, भजनी मंडळे, महिला डब्यातील हळदीकुंकू आणि दसऱ्याला डब्याला बांधली जाणारी तोरणे यांतून एक अनौपचारिक राखण निर्माण झालेली आहे. हे गट नवख्यांना जागा नाकारतात, प्रसंगी दादागिरीही करतात. तरीही आजारी पडलेल्या प्रवाशाला उतरवून घेणारे आणि छेड काढणाऱ्याला पकडणारे हात बहुधा त्यांचेच असतात.

रिकाम्या डब्यात याच्या नेमके उलट घडते. तेथे कॅमेऱ्याला सर्व काही स्पष्ट दिसते, पण मदतीला कोणी नसते. कॅमेऱ्याची खरी उपयुक्तता रात्री उशिराच्या व पहाटेच्या रिकाम्या डब्यात आहे आणि तेथेच त्याला माणसाची जोड सर्वाधिक हवी, असा निष्कर्ष यातून निघतो. रात्रीच्या महिला डब्यात गणवेशातील पोलीस वा गृहरक्षक असणे आणि त्या डब्यात कॅमेरा असणे या परस्परपूरक गोष्टी आहेत. एकीचा खर्च वाचविण्यासाठी दुसरी आणली गेली तर स्त्रियांची फसवणूक होईल.

महिला डब्यातील नजर

१९९२ मध्ये पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते बोरिवली अशी महिलांसाठी स्वतंत्र गाडी सुरू झाली. महिला डबा आणि महिलांची गाडी यांनी मुंबईच्या नोकरदार स्त्रीला दिलेली सर्वांत मोठी सवलत म्हणजे पुरुषी नजरेपासून तासाभराची सुटका होय. त्या डब्यात भाजी निवडली जाते, केस विंचरले जातात, पाय पसरून झोप घेतली जाते, मोठ्याने हसले आणि कधी रडलेही जाते. घर आणि कार्यालय या दोन्ही ठिकाणी सांभाळावे लागणारे वागणे येथे काही काळ बाजूला ठेवता येते.

या डब्यात कॅमेरा येतो तेव्हा एक नजर पुन्हा आत येते. ती कोणाची, हे त्या स्त्रियांना ठाऊक नसते. क्लाइव्ह नॉरिस आणि गॅरी आर्मस्ट्राँग यांनी १९९९ मध्ये ब्रिटनमधील नियंत्रणकक्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पडद्यासमोर बसलेली माणसे वर्तनापेक्षा वय, वेश आणि वर्ण पाहून संशयित निवडतात, तसेच स्त्रियांकडे संरक्षणाव्यतिरिक्त अन्य हेतूनेही पाहतात, असे त्यांना आढळले. हा अभ्यास परदेशातील असला तरी पडद्यासमोर बसणारा माणूस समाजाचे पूर्वग्रह बरोबर घेऊनच बसतो, हे त्याचे सूत्र येथे अप्रस्तुत ठरत नाही.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 'व्हाय लॉइटर?' या २०११ मधील ग्रंथात मुंबईतील स्त्रियांच्या सार्वजनिक वावराचा विचार केला आहे. सार्वजनिक जागेत असण्याचे सबळ कारण दाखविणाऱ्या 'सभ्य' स्त्रीलाच समाज संरक्षण देऊ करतो; म्हणून केवळ सुरक्षिततेची भाषा न बोलता वावराच्या हक्काची भाषा बोलली पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. कॅमेऱ्याच्या संदर्भात हे प्रतिपादन महत्त्वाचे ठरते. चित्रण उपलब्ध झाले की अत्याचाराच्या तपासाबरोबरच ती स्त्री इतक्या उशिरा कोठे, कोणाबरोबर, कशी जात होती, याचीही तपासणी होण्याची शक्यता निर्माण होते. यावरून महिला डब्यातून कॅमेरे काढून टाकावेत असा निष्कर्ष निघत नाही. ज्यांच्यासाठी कॅमेरे बसविले त्या स्त्रियांना ते कोठे असावेत, कोणी पाहावेत आणि चित्रण किती दिवस ठेवावे याविषयी मत देण्याचा अधिकार असावा, एवढाच निष्कर्ष निघतो.

कॅमेरा कोणाकडे वळलेला आहे?

मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरण पावतात. रूळ ओलांडताना आणि चालत्या गाडीतून पडून होणारे मृत्यू ही त्यांची प्रमुख कारणे आहेत. दहशतवाद वा गुन्हेगारी यांपेक्षा हा आकडा कितीतरी मोठा आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तत्कालीन एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेला. त्या अरुंद पुलावरील गर्दी गुप्त नव्हती. ती रोज सर्वांना दिसत होती आणि प्रवाशांनी तिच्याविषयी तक्रारीही केल्या होत्या. रेल्वेच्या अंतर्गत चौकशीने मात्र अचानक आलेल्या पावसाकडे बोट दाखविले. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळील वळणावर दोन गाड्या एकमेकींजवळून जात असता दारात उभे असलेले प्रवासी खाली पडले आणि किमान चौघांचा मृत्यू झाला.

या घटनांत न दिसल्यामुळे कोणी मेले असे म्हणता येत नाही. दिसत असूनही कृती झाली नाही. कॅमेऱ्याच्या धोरणातील मूलभूत विसंगती येथे उघड होते. तो प्रवाशाचे वर्तन टिपतो, नव्या योजनेत इंजिनातील चालकही त्याच्या कक्षेत येतो. पुलाचे रुंदीकरण लांबणीवर टाकणारा निर्णय मात्र कोणत्याही कॅमेऱ्यात टिपला जात नाही. सुरक्षेची व्याख्या 'संशयित प्रवासी' एवढ्यापुरती आकुंचित झाल्याने गर्दी हा सुरक्षेचा प्रश्न न राहता केवळ गैरसोयीचा प्रश्न ठरतो.

नोंद आणि तिच्यावरील हक्क

कॅमेरा हा साक्षीदार आहे असे मान्य केले तर या साक्षीदाराला कोण बोलावू शकतो, हा प्रश्न उपस्थित होतो. यासंदर्भात महाराष्ट्रातीलच एका खटल्याचा दाखला उद्बोधक आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीविषयीच्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रण महत्त्वाचे ठरले. मूळ साधनच न्यायालयापुढे आणले नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. प्रत्यक्षात पुन्हा पुन्हा मागणी करूनही संबंधित अधिकाऱ्यांनी ते प्रमाणपत्र दिले नव्हते. म्हणून शक्य ते सर्व केलेल्या पक्षकारास न्यायालयाने त्या अटीतून मोकळीक दिली. नोंद ज्याच्या ताब्यात तिच्या सत्यतेचा दाखलाही त्याच्याच हाती, ही अडचण या खटल्याने ठळक केली. एका लोकप्रतिनिधीला ज्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, ते गाडीतून पडून मरण पावलेल्या मजुराच्या पत्नीला सहज मिळेल असे मानता येत नाही.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमुखाने मान्य केले. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संमत झाला. मात्र सुव्यवस्था, राज्याची सुरक्षा इत्यादी कारणांसाठी शासकीय यंत्रणांना अधिसूचनेद्वारे त्यातून सूट देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. चेहऱ्यावरून ओळख पटविणारी यंत्रणा कॅमेऱ्यांना जोडली गेल्यास हा प्रश्न अधिक गंभीर होईल. पोलिसांच्या दप्तरी ज्यांची छायाचित्रे अधिक, त्यांच्यावरच संशय अधिक येणार. विमुक्त जमातींच्या बाबतीत ते दप्तर कसे तयार झाले याचा इतिहास वर आलाच आहे. जुन्या हजेरीचे काम यापुढे यंत्र करील, ही भीती म्हणूनच निराधार म्हणता येणार नाही.

उलट बाजूचे उदाहरणही आपल्याच न्यायव्यवस्थेत आहे. परमवीर सिंग सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसविण्याचे, चित्रण अठरा महिने आणि ते शक्य नसल्यास किमान एक वर्ष जतन करण्याचे आणि तक्रार आल्यास मानवी हक्क आयोग वा न्यायालय ते मागवू शकेल असे आदेश दिले. येथे कॅमेरा सत्ताधाऱ्याकडे वळलेला आहे आणि नोंदीवरील हक्क दुर्बळ पक्षाकडे आहे. यंत्र तेच असताना केवळ नियमांच्या बदलाने पाळतीची राखण होऊ शकते, हे यावरून सिद्ध होते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतील.

१. उपनगरी रेल्वेतील कॅमेरा हा प्रामुख्याने साक्षीदार आहे. त्याला रक्षक म्हणून सादर करणे दिशाभूल करणारे आहे.

२. कॅमेरा रिकाम्या डब्यात सर्वाधिक उपयोगी ठरतो आणि तेथेच त्याला तत्काळ धावून येणाऱ्या माणसाची गरज असते. रात्रीच्या डब्यातील मनुष्यबळास तो पर्याय ठरू शकत नाही.

३. अपघातग्रस्त, पीडित स्त्री आणि मृताचे वारस यांना संबंधित चित्रण व त्याचे प्रमाणपत्र ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क नियमाने दिला जावा. तक्रार होताच ते चित्रण पुसले जाणार नाही, याची जबाबदारी रेल्वेवर असावी.

४. फलाट व पूल यांवरील गर्दीचे चित्रण केवळ संशयित शोधण्यासाठी न वापरता गर्दीच्या धोक्याची पूर्वसूचना आणि त्यावरील कृतीचा जाब या दोहोंसाठी वापरले जावे.

५. चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेचा वापर स्वतंत्र कायदा व स्वतंत्र देखरेख यांशिवाय होऊ नये.

तिकीट वा पास काढणारा प्रवासी आपला जीव रेल्वेच्या हवाली करतो. त्या बदल्यात त्याला राखण मिळणे अपेक्षित आहे. डब्याच्या छतावर किती कॅमेरे लावले, हा आकडा त्या राखणीचे माप होऊ शकत नाही. डब्यात, दारात किंवा पुलावर काही विपरीत घडल्यावर उत्तर कोणी आणि किती दिवसांत द्यावयाचे, हे जोवर लिहून ठेवलेले नाही, तोवर या कॅमेऱ्यांना पाळत म्हणणेच उचित ठरेल.